जामीन झालाय, पण माणूस आतच. सर्किट बेंचला जनहित याचिका टाकावी का?

शेवटचं_वर्ष

नमस्कार. मी कोल्हापुरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रातर्फे आम्ही काही मुलं-मुली अधूनमधून कारागृहात जातो. कुठल्या ते लिहीत नाही. सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांपैकी एक, एवढंच समजा.

तिथं एक ऊसतोड कामगार भेटला, बीडकडचा. चोरीचा गुन्हा आहे. कोर्टानं जामीन दिलाय, अट एका जामीनदाराची. पण गाळप हंगाम आटोपला, टोळी गावाकडं गेली आणि मुकादम फोन उचलत नाही. इथं त्याला ओळखणारं कुणी नाही. ऊस फडात असताना जामीन झाला होता, आता रोहिणी बरसून गेली तरी माणूस आतच आहे. मला म्हणाला, "मॅडम, बेल झालीय म्हणत्यात, मग मी हितंच कसा?" आणि हा एकटा नाही. इचलकरंजीच्या मागावरचे परप्रांतीय, शिरोली एमआयडीसीतले कामगार, अशा बऱ्याच जणांची हीच रड ऐकली.

१८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. आता रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला जायला नको, सीपीआर दवाखान्यासमोरच हायकोर्ट आहे. म्हणून आम्हा काही जणांच्या मनात आलं की सरळ जनहित याचिका टाकावी. विद्यार्थ्यांना ती करता येते का? खर्च किती येतो? आणि अशा विषयावर कुणी आधी अभ्यास केला असेल तर तो कुठं मिळेल?

भवानी_मंडप

विचारताय काय, टाका की! १९७९ साली बिहारच्या कैद्यांची हुसैनारा खातून केस झाली, ती वर्तमानपत्रातल्या लेखांवरून. कपिला हिंगोरानी या वकीलबाई थेट सुप्रीम कोर्टात गेल्या आणि चाळीस हजारांच्या आसपास कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले बंदी, बाहेर आले. सुनील बत्रा प्रकरणात तर तुरुंगातून आलेलं पत्रच कोर्टानं याचिका म्हणून धरलं. तुम्ही तर कायदा शिकताय. बेंच नवीन आहे, गरमागरम आहे तोवर घ्या करून. चाळीस वर्षं आंदोलन करून बेंच आणलंय ते काय बघत बसायला?

रोजनामा

दादा, उत्साह चांगला आहे, पण पोरीला खड्ड्यात घालू नका. आणि बेंच आणलं ते मोर्चे काढून, कोर्टाच्या कामावर बहिष्कार टाकून. जनहित याचिकेनं नव्हे.

मी जिल्हा न्यायालयात नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. साहेबांच्या पुढ्यात खाली बसून रोजनामा लिहिण्यात हयात गेली. वकिलांएवढा कायदा मला येत नाही, पण कागद कुठं अडतो ते डोळे मिटून सांगतो.

बाळ, आधी त्या माणसाचं बघ, याचिकेचं नंतर. उद्याच्या उद्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा. बंदी असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जामिनाची अट शिथिल करावी, जातमुचलक्यावर म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडावं किंवा झेपेल एवढी रोख भरून घ्यावी, असा अर्ज त्याच कोर्टात करायला सांग. त्याच्यासाठी हायकोर्टाची पायरी चढायचं काही कारण नाही.

आता याचिकेचं. तुमच्या बाजूचा कायदा आधीच आहे आणि चांगला जुना आहे. १९७८ सालचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल काढून वाच. मोतीराम गवंडी होता. मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं, का तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मोडून काढलं आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. आपल्याकडं अजून कर्नाटकातल्या निपाणीचा मेव्हणा उभा केला की "इथला कुणी नाही का?" असं विचारतात. निपाणी कोल्हापूरपासून किती लांब? त्यापेक्षा गगनबावडा लांब पडेल.

पुढं ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पायरी-पायरीनं लिहून दिलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ई-मेलनं कारागृहात पोचला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार झाला नाही तर अट बदलता येईल का, हे कोर्ट आपणहून बघू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, हेही त्यात आहे. त्याच वर्षी केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आली. जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम सरकार भरतं आणि निर्णय जिल्ह्यातल्या समितीनं करायचा असतो. कलेक्टर, एसपी, विधी सेवा सचिव, कारागृह अधीक्षक, सगळे त्यात आहेत.

मग याचिकेत मागणार काय? "कायदा पाळा"? सरकारी वकील उठतील, "पाळतोय" म्हणून प्रतिज्ञापत्र देतील. तुमच्या हातात एका ऊसतोड्याची गोष्ट. कोर्ट म्हणेल, या इसमासाठी खालच्या कोर्टात अर्ज करा, आणि याचिका निकाली. पुढं कुणी हाच विषय नीट तयारीनं घेऊन गेला तर त्याच्यासमोर तुमचाच निकाल आडवा. कच्च्या याचिकेचं हे नुकसान कुणी मोजत नाही.

२०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सगळ्या हायकोर्टांना जनहित याचिकेचे नियम करायला लावले आणि मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी ते केले. तू कोण, करतेस काय, यात तुझा स्वतःचा काही लाभ आहे का, आधी संबंधितांना निवेदन दिलंस का, सगळं शपथेवर सांगावं लागतं. हेतू शुद्ध आहे हे दाखवायला अनामतही भरायला लावू शकतात. विद्यार्थ्यांना बंदी नाही. पण "निवेदन कधी दिलं?" याला उत्तर नसेल तर पहिल्याच तारखेला मान खाली घालावी लागेल.

हुसैनारामध्ये नुसती हळहळ नव्हती. कोण माणूस, किती वर्षं आत, कशासाठी, ही नावानिशी यादी होती. आणि कोर्टानं बिहार सरकारला काय सांगितलं? कच्च्या कैद्यांचा वर्षवार तक्ता आणा. म्हणजे कोर्टालासुद्धा आधी मोजमाप लागलं.

आपल्या राज्यातलं उदाहरण मला जास्त आवडतं. पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ मध्ये परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा बायकांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेबाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टानं लगेच फर्मान काढलं नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना आत जाऊन बायकांशी एकांतात बोलून अहवाल द्यायला सांगितलं. तो अहवाल आल्यावर १९८३ चा निकाल झाला: महिलांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, अटक झाली की विधी सहाय्य समितीला कळवणं, न्यायाधीशांच्या अचानक भेटी. पत्रातही मोजून माणसं होती, अहवालातही. पत्रावर याचिका झाली ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते, अहवाल मात्र कुणाला आठवत नाही.

तुम्ही काय मोजायचं ते सांगतो. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कुठल्या जिल्ह्यात किती दावे, किती वर्षं जुने, ते घरबसल्या दिसतं. पण जामीन मंजूर होण्यापासून कारागृहाचं दार उघडेपर्यंत किती दिवस गेले, हे तिथं दिसत नाही. ते तीन ठिकाणी विखुरलेलं आहे. जामिनाच्या आदेशाची तारीख कोर्टाच्या आदेशात सापडेल, ई-कोर्टवर नंबर टाकला की बरेचदा तो मिळतो. सात दिवसांनी कळवलं की नाही, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या आवक रजिस्टरात. सुटकेची तारीख कारागृहाच्या नोंदीत. हे तीन कागद कुणी एकमेकांशेजारी ठेवून बघत नाही. तुम्ही बघा.

मधल्या पायऱ्याही लिहून ठेवा. सकाळी जामीन झाला. जामीनदार आला, त्याचा सातबारा आला, तहसीलचा ऐपतीचा दाखला आला. मग पडताळणीचं पत्र जामीनदाराच्या गावच्या पोलीस ठाण्याला जातं. ते परत यायला गणपतीचा बंदोबस्त लागला, निवडणूक लागली, की झालं! पत्र ठाण्याच्या टेबलावर पडून आणि माणूस आत. पुढं बंधपत्र, मग सुटकेचा आदेश, तोही कारागृहात संध्याकाळच्या वेळेआधी पोचला पाहिजे. २०२१ मध्ये एका नटाच्या मुलामुळे आर्थर रोड कारागृहाच्या जामीनपेटीची, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायच्या पेटीची, वेळ अख्ख्या देशाला पाठ झाली होती. ती वेळ टळली की रात्र आत काढायची, मग नट असो की ऊसतोड्या. अर्थात ऊसतोड्याची रात्र मोजायला कॅमेरे नसतात.

दिवस पडताळणीत जातात असं दिसलं तर त्यावर उपाय म्हणून हायकोर्टाचं एक परिपत्रक पुरेल. प्रत्येक जिल्ह्याला हायकोर्टाचे पालक न्यायमूर्ती असतात. आकडे घेऊन त्यांच्याकडं प्रशासकीय बाजूनं निवेदन द्या, कदाचित याचिका करावीच लागणार नाही. पण अधीक्षक सात दिवसांनी कळवतच नाहीत किंवा समितीची बैठकच होत नाही असं निघालं, तर मग याचिका करा. तेव्हा बोट ठेवायला जागा असेल.

शिरोलीचा_फिटर

काकांचं सगळं वाचलं. एक राहिलं, ते सांगतो.

माझ्या धाकट्या भावाला जामीन झाला तेव्हा मामा जामीनदार राहायला तयार होता. मामाचा सातबारा सामाईक, त्यावर चार चुलत्यांची नावं. कारकून म्हणाला, तुमचा हिस्सा किती ते कसं कळणार? मग ऐपतीच्या दाखल्याला तहसीलला गेलो, तर तलाठी कुठल्यातरी मीटिंगला. मामा रोजंदारीवर जाणारा, प्रत्येक खेपेला त्याचा रोज बुडायचा. तो मी द्यायचा, वर जेवण आणि एसटी. तिसऱ्यांदा मामी म्हणाली, आता पुरे.

कोर्टाच्या बाहेर चहाच्या गाड्यावर एक जण आपणहून आला. "जामीनदार पाहिजे का? सातबारा कोरा आहे, दाखला आहे, साहेबांपुढं उभा राहील." रक्कम सांगितली. ती दिली असती तर संध्याकाळी भाऊ घरात. आम्ही दिली नाही, पण माझ्या पुढच्यानं दिली आणि त्याचा माणूस खरंच त्याच दिवशी सुटला. कोर्ट कुठलं ते विचारू नका.

तर मुलांनो, कारागृहाचं रजिस्टर बघाल, बघा. पण घरच्यांनाही विचारा, किती रोज बुडले आणि भाड्याचा जामीनदार घेतला का. ते कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही.

इचलकरंजी_वकील

शिरस्तेदारांशी मी बराचसा सहमत आहे, पण पूर्ण नाही. "आधी आकडे, मग याचिका" हे बोलायला बरोबर, पण आकडे देतंय कोण? बऱ्याचदा कोर्टानं विचारल्याशिवाय सरकार तोंड उघडत नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचंच घ्या. नदीत मासे मरताना सगळ्यांना दिसत होते, निवेदनं देऊन लोक थकले. हायकोर्टात जनहित याचिका गेली तेव्हा नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा अभ्यास झाला आणि विभागीय आयुक्तांना जबाबदार धरून देखरेख सुरू झाली. तिथं याचिकेमुळं आकडे आले.

पण नदी अजून स्वच्छ झालेली नाही, हेही मान्य केलं पाहिजे. आदेश मिळाला की याचिका संपली असं मुलांना वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. अनुपालनाचे अहवाल वाचायचे, ते खोटे असतील तर दाखवायचे, तारखेला हजर राहायचं. तुम्ही सगळे परीक्षा झाली की पुण्या-मुंबईला जाणार. मग तारखेला उभं कोण राहणार? म्हणून याचिका करायचीच तर तुमच्या नावानं नको. बारा महिने इथं असणारी संस्था किंवा वकील पुढं असू दे.

अभ्यासाचं विचारलंय. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कारागृहांत सामाजिक कार्यकर्ते नेमून काम करतोय. जामीनदार न मिळालेल्यांची घरं शोधणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. त्यांचं लिखाण वाचा. दिल्लीची विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी आणि बेंगळुरूची दक्ष या संस्था कोर्टाच्या आकडेवारीवर अहवाल काढतात. तक्ता कसा मांडायचा हे तिथून शिकता येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह अहवालात देशातले ७५.८ टक्के बंदी कच्चे कैदी होते. हा आकडा मात्र प्रस्तावनेत एकदाच लिहा. न्यायमूर्तींना तो पाठ आहे, त्यांना तुमच्या जिल्ह्याचा हवा आहे.

तयारी कशी असते हे बघायचं तर सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार, ३ ऑक्टोबर २०२४. पत्रकार बाईंनी तुरुंगात जातीवरून कामं कशी वाटतात हे आधी शोधून छापलं. याचिकेत राज्यांच्या कारागृह नियमावल्यांमधले नियम जसेच्या तसे उतरवले होते. कोर्टापुढं नियमाचा मजकूरच ठेवल्यावर "आमच्याकडं असं नाही" म्हणायला कुणाला जागा उरली नाही. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि भटक्या-विमुक्तांना 'सराईत' ठरवण्यावरही कोर्ट बोललं. आपल्या शाहू महाराजांनी १९१८ साली या जमातींची गावचावडीवरची हजेरी बंद केली होती. दिल्लीला इतकी वर्षं लागली, एवढंच म्हणतो.

भवानी_मंडप

बरं बाबांनो, हरलो. पण माणूस सुटला की इथं कळवा.

शेवटचं_वर्ष

सगळ्यांचे आभार. लोकअभिरक्षक कार्यालयात गेले होते. तिथल्या वकीलबाईंनी जातमुचलक्यासाठीचा अर्ज तयार केला, तारीख लागली आहे. योजनेतून पैसे मिळतील का तेही त्या बघतायत.

याचिका सध्या बाजूला ठेवली. आम्ही माहिती अधिकारात अर्ज करतोय. मसुदा असा आहे, काका, बघाल का?

"आपल्या कारागृहातील जामीन मंजूर होऊनही सुटका न झालेल्या सर्व बंद्यांची नावे, पत्ते व गुन्हे, त्यांना वेळेत का सोडले नाही व त्यास जबाबदार अधिकारी कोण, गरीब बंदी योजनेचा लाभ किती जणांना दिला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली किती अर्ज केले, तसेच न्यायाधीन बंदी पुनरावलोकन समितीच्या सर्व बैठकांची इतिवृत्ते द्यावीत."

रोजनामा

हा अर्ज फेटाळायला माहिती अधिकाऱ्याला पाच मिनिटं पुरतील.

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तू पाच विषय कोंबलेस. वेगवेगळे अर्ज कर, प्रत्येकाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. नावं-पत्ते काढून टाक, खासगी माहिती म्हणून अख्खा अर्ज परत येईल. तुला नुसत्या तारखा आणि संख्या हव्यात. "का सोडले नाही" आणि "जबाबदार कोण" तर आधी खोड. माहिती अधिकारात कारण विचारलं की "अशी माहिती अभिलेखावर नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतं. कागद मागितला की कागद तरी द्यावा लागतो, नाहीतर "कागद नाही" असं लिहून द्यावं लागतं. ते लेखी "नाही" जपून ठेव, उद्या याचिका झालीच तर परिशिष्टात तेच लागेल.

पहिला अर्ज अधीक्षकांना, असा: "दि. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कालावधीत, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका न झालेल्या बंद्यांबाबत आपल्या कार्यालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पाठवलेल्या पत्रांच्या जावक क्रमांक व दिनांकासह प्रती." वर्ष घाल. दुसरा अर्ज प्राधिकरणाला, त्याच पत्रांच्या आवक नोंदीसाठी. जावक आणि आवक जुळते का बघायचं. नाही जुळली तर तुमचा अभ्यास तिथूनच सुरू झाला.

पुनरावलोकन समितीच्या इतिवृत्तांचा अर्ज वेगळा कर. २०१५ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं ती दर तीन महिन्यांनी भरायची असते, त्यामुळे वर्षाची चार इतिवृत्तं माग, "सर्व" नको. ४७९ चा अर्ज सगळ्यात शेवटी. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आणि इतरांना निम्मा काळ आत गेला की अधीक्षकांनी स्वतः कोर्टाला लिहायचं, असं ते कलम आहे. पण एकापेक्षा जास्त गुन्हे असतील तर ते लागू होत नाही. त्या जावकांच्या प्रती मागताना हा भेद डोक्यात ठेव, नाहीतर आकडा फुगेल आणि सरकारी वकील त्यावरच अख्खा तक्ता उडवतील.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कर. ते तीस दिवस रिकामी बसू नको. शिरोलीच्या भाऊंनी सांगितलंय तसं घरच्यांना विचारायला सुरुवात करा, तेवढ्यात दोन-तीन तालुके होतील. आणि नवीन मसुदा पोस्टात टाकायच्या आधी इथं टाक.